दोन दिवस गोधडीचे

मैत्रिणींनो, कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं तुमच्याही घरी असेलच. सासूबाईंची दोन लुगडी, आईच्या सुती साड्या, एखादी विरलेली इरकली. दर दिवाळीच्या साफसफाईला ते खाली येतं. "यंदा गोधडी शिवायचीच," असं आपण म्हणतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या आत ते पुन्हा वर जाऊन बसतं.

घरी बसून गोधडी होत नाही, याचं कारण आपला आळस नव्हे. गोधडी पसरायला अख्खी खोली लागते. पसरून चार टाके घातले की कुकरची शिट्टी होते, दारावरची घंटा वाजते, संध्याकाळी मुलांना अभ्यासाला जागा हवी असते. मग ती गुंडाळायची. एकदा गुंडाळली की आतले थर सरकले, आणि थर सरकले की आपला उत्साहही सरकला! आणि खरं म्हणजे हे एकटीनं रेटायचं काम नव्हेच. शेतीची कामं उरकली की उन्हाळ्याच्या दुपारी आयाबाया ओसरीवर वाकळ पसरून चारी बाजूंनी बसायच्या. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात शेजारणी लाकडी चौकटीभोवती बसून एकमेकींच्या रजया शिवत. आता तिथल्या बायका खास शिवणासाठी मैत्रिणींबरोबर दोन-तीन दिवस बाहेर राहायला जातात.

आम्ही पाचजणी गेली तीन वर्षं तेच करतो आहोत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन झालं की संक्रांतीच्या आतला एखादा शनिवार-रविवार धरायचा. आमच्यातल्या एकीचं माहेरचं घर वाईजवळच्या एका गावात आहे, एरवी बंदच असतं. मोठी ओसरी आणि पूर्वेचं ऊन, आणखी काय हवं?

पण तयारी न करता गेलात तर दोन दिवस नुसत्या गप्पांत जातील, बरं का. त्यासाठी वेगळी सहल काढावी. धुणं, कापणं, जोडणं हे सगळं घरी उरकायचं आणि तिकडे फक्त सुई-दोरा चालवायचा, हा आमचा नियम.

साड्या धुताना खळ अजिबात नको, नाहीतर सुई आत जाता जात नाही. फॉल उसवून टाका. साडी उजेडासमोर धरून पाहा. विरलेला भाग आतल्या थरात जाईल, धड भाग वर. लाल-निळ्या रंगांवर विश्वास ठेवू नका. कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. रंग लागला तर ती साडी वेगळी काढा. वरून नवं कापड लावणार असाल तर तेही आधी धुऊन घ्या, कारण ते पुढे आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

आता हिशोब. पाचवारी साडी साधारण १८ फूट लांब आणि पन्ना ४५ इंच. तिचे साडेचार फुटांचे चार तुकडे करा. दोन तुकडे पन्ह्याच्या कडेला जोडले की साडेसात फूट लांब, साडेचार फूट रुंद असा एक थर झाला. म्हणजे एका साडीत दोन थर, आणि तीन साड्यांत सहा थरांची एका माणसाची उबदार गोधडी. कात्रीने बोटभर चीर द्यायची आणि पुढे हाताने फाडायचं, म्हणजे सूत सरळ राहतं. जोड घरीच मशीनवर घाला. एका गोधडीचे सगळे थर एका जुन्या अभ्र्यात भरा.

धावदोऱ्याच्या ओळी दीड इंचावर घातल्या तर ३६ ओळी होतात, म्हणजे २७० फूट शिवण. एका ओळीला, बोलत बोलत, पंचवीस मिनिटं धरा. एकटीला पंधरा तास लागतील, चौघींना चार तासांच्या आत. शिवाय थर पसरणं, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालणं, शेवटी काठ दुमडणं आहेच. तेव्हा दोन दिवसांत दोन गोधड्या. तिसरीचा मोह नको. चौघी शिवतात आणि पाचवी पाळीपाळीने सुया ओवते, चहाचं बघते. दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवला की गुंता होत नाही. अंगुस्तान प्रत्येकीचं स्वतःचं हवं, आणि चाळिशी लागलेल्यांनी चष्मा विसरू नये.

शिवायला कडेपासून सुरुवात करून आत आत यायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका आपली कवंदी अशीच शिवतात, आणि चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. या पद्धतीत चौघींना चार बाजू मिळतात, कुणाचा कोपर कुणाला लागत नाही. एक मात्र सांगते. कुणाचा टाका मोठा, कुणाचा तिरका पडणारच. दुसरीचा टाका उसवायचा नाही! नवी आलेली मैत्रीण त्यानंतर सुईला हात लावत नाही, आणि पुढच्या वर्षी येतही नाही.

खाण्याचं काय? इथेच बायका फसतात. पाचजणी जमल्या की प्रत्येकीला आपली खासियत करून घालायची असते, आणि आख्खा दिवस चुलीपाशी जातो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू घरून न्या. दुपारी पिठलं-भात, रात्री खिचडी. तेलकट चिवडा ओसरीवर आणायचाच नाही. भूक लागली तर उठून आत जावं. तेवढंच गुडघ्यांना बरं, नाहीतरी तासातासाने उठायलाच हवं.

आता घरचं. "जाऊ का?" असं विचारू नका. "अमुक तारखेला मी जाणार आहे," असं पंधरा दिवस आधी सांगा. दोन दिवसांच्या भाज्या करून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून जाणाऱ्या मैत्रिणी मला ठाऊक आहेत. शुक्रवारी रात्रीपर्यंत त्यांचा जीव अर्धा झालेला असतो. यजमानांना आणि मोठ्या मुलांना वरण-भाताचा कुकर लावता येतो, नसेल तर शनिवारी येईल. औषधांच्या वेळा तेवढ्या लिहून ठेवाव्यात. घरात कुणी आजारी असेल तर तारीख बदलावी. त्याबद्दल मैत्रिणी रागावत नाहीत.

मागच्या वर्षी आमच्यातली एक न फाडलेल्या साड्या घेऊन आली. आईच्या होत्या. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि गाठोडं तसंच होतं. नियमाचं कुणी नावही काढलं नाही. तिने साडी मांडीवर घेतली, कात्री हातात घेतली आणि बसून राहिली. आमच्यात वयाने मोठ्या असलेल्या ताईंनी विचारलं, "यातली आई रोज कोणती नेसायची?" तिने हिरवी चौकड्याची दाखवली, मग तिच्याबद्दल सांगू लागली. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "एक टोक तुम्ही धरा." दोघींनी मिळून ती फाडली. हिरवीचा पदर मात्र अख्खा ठेवला आणि वरच्या थरावर मधोमध बसवला. रविवारी दुपारी आम्ही चारी बाजूंनी त्या पदरापर्यंत पोचलो, तेव्हा उरलेल्या ओळी तिच्या एकटीसाठी सोडल्या.

ते काम पुढच्या वर्षावर ढकललं नाही, हे बरं झालं, असं मला वाटतं. कापड गाठोड्यात पडून राहिलं तरी घडीवर चिरतंच. शिवाय आपल्या पिढीच्या कपाटात सुती साड्या आहेत किती? सिंथेटिक साडीचे थर घसरतात आणि घाम टिपत नाहीत, त्यामुळे त्यांची गोधडी कुणी पांघरत नाही. आपल्या मुलींना आपल्या साड्यांतून असली गोधडी मिळणार नाही. ती वरच्या फळीवरच्या गाठोड्यातूनच शिवावी लागेल.

दोन गोधड्या कुणाच्या, हे आम्ही जातानाच पाळीने ठरवतो, म्हणजे मागाहून रुसवे नकोत. उरलेल्या मऊ तुकड्यांची दुपटी होतात. कुणाच्या ना कुणाच्या लेकी-सुनेकडे पाळणा हलणारच असतो.

निघताना सुया मोजा. पंचवीस आणल्या असतील तर पंचवीसच परत डबीत जायला हव्यात. एक जरी कमी भरली तरी दोन्ही गोधड्यांवरून आणि दुपट्यांवरून लोहचुंबक फिरवा, सुई सापडली की मगच घडी घाला.