जुगारापलीकडचा खेळ आणि मराठी कथा

धरमपेठेत किंवा मानेवाड्यात राहणारा एखादा महाविद्यालयीन तरुण साठवलेल्या पैशांतून एक परदेशी 'रोल-प्लेइंग' व्हिडिओ गेम विकत घेतो आणि पुढचे कित्येक दिवस मित्रांशी त्याच खेळाविषयी उत्साहाने बोलत राहतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या लेखी मात्र ही 'गेम'वर केलेली उधळपट्टीच असते. या एका शब्दाखाली जुगार, व्यसन आणि कला यांची सरमिसळ झाल्याने या उत्साहाकडे गांभीर्याने पाहिलेच जात नाही.

कायद्याने यातील एक भेद आता स्पष्ट केला आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि पैजेविना खेळले जाणारे सामाजिक खेळ यांना मात्र वेगळे स्थान दिले. पत्त्यांच्या डावावर लावलेले पैसे आणि एका कथेसाठी एकदाच मोजलेली किंमत या भिन्न गोष्टी आहेत.

'रोल-प्लेइंग' प्रकारात खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो आणि त्याच्या निर्णयांनुसार कथा वळण घेते. मोठ्या कंपन्यांच्या पाठबळाविना लहान चमू असे खेळ तयार करतात, तेव्हा नेत्रदीपक दृश्यांपेक्षा लेखनावर भर देण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. २०१९ मध्ये आलेला 'डिस्को एलिसियम' हे त्याचे ठळक उदाहरण. स्मृती गमावलेल्या गुप्तहेराच्या या खेळात दहा लाखांहून अधिक शब्दांचे लेखन आहे. त्याचे प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्स यांनी त्याच काल्पनिक जगावर २०१३ मध्ये एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली होती. तिला फारसा वाचक लाभला नाही. तेच जग खेळाच्या रूपाने इंग्रजीत आले आणि २०१९ च्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात चार पुरस्कारांचे मानकरी ठरले.

एस्टोनियन ही सुमारे अकरा लाख लोकांची भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या आठ कोटींहून अधिक आहे. तेव्हा उणीव आहे ती कथांची वा ग्राहकांची नव्हे, तर लेखक, चित्रकार आणि संगणक-अभियंता यांना काही वर्षे एकत्र बसवू शकणाऱ्या व्यवस्थेची.

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा अनुभव याबाबत बोलका आहे. त्यांच्या 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' या खेळासाठी २०१७ मध्ये काढलेली ऑनलाइन लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचू शकली नाही. तरीही भारतीय पुराणकथांवर आधारलेला हा साहस-खेळ २०२० मध्ये बाजारात आला आणि त्याला त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील स्वतंत्र खेळाचे नामांकन मिळाले. गुणवत्ता महाराष्ट्रात होती. अडचण भांडवलाची होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणास मंजुरी दिली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि, इमारती, उद्याने आणि परदेशी स्टुडिओंची कंत्राटी कामे एवढ्यावरच ते थांबले, तर रोजगार मिळेल, परंतु निर्मितीची मालकी मिळणार नाही. 'डिस्को एलिसियम'च्या मूळ लेखकांनाही पुढे त्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. म्हणूनच पाच-सात जणांच्या चमूंना थेट अनुदान, मराठी संहितालेखनास साहाय्य आणि निर्मात्यांच्या हक्कांचे संरक्षण या तीन बाबी धोरणाच्या अंमलबजावणीत अग्रक्रमाने आल्या पाहिजेत.

चांगल्या कथेसाठी पैसे मोजायला मराठी तरुण तयार आहे. त्याच्यावर उधळेपणाचा शिक्का मारण्यापूर्वी, त्याने विकत घ्यावा असा मराठी खेळ आपण त्याच्यासमोर ठेवला आहे काय, याचे उत्तर समाजाला आणि शासनाला द्यावे लागेल.