पिल्लू घेताना आधी आई बघा! मोबाईलवरच्या कुत्रा-बाजारात गावाकडचा माणूस का फसतोय?

विशेष विश्लेषण

बैल घ्यायचा म्हटलं की आपण दात बघतो, खूर बघतो, औताला जुंपून चार पावलं चालवून बघतो. म्हैस घ्यायची तर दोन वेळची धार डोळ्यांसमोर काढायला लावतो. नुसत्या दलालाच्या बोलण्यावर जनावर दावणीला आणणारा शेतकरी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. पण तोच शेतकरी कुत्र्याचं पिल्लू मात्र व्हॉट्सॲपवरचा एक फोटो बघून घेतो, पैसे आधी पाठवतो आणि एसटी स्टँडवर जाऊन खोक्यातून पिल्लू उचलून आणतो.

माझ्या मावसभावाने असंच केलं. वस्तीवर राखणीला म्हणून नऊ हजाराला लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं. विकणारा म्हणाला, पंचेचाळीस दिवसांचं आहे, लस झालीय, कार्ड मागून पाठवतो. कार्ड आलंच नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टरांनी सलाईन लावली, पण पाचव्या दिवशी पिल्लू गेलं. डॉक्टर म्हणाले, पार्वो आहे आणि पिल्लू जेमतेम महिन्याचं असेल. विकणाऱ्याला फोन लावला तर नंबर ब्लॉक. सहा महिन्यांनी भावाने दुसरं पिल्लू आणून त्याच गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलं. तेही तसंच गेलं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

ही एकट्याची गोष्ट नाही. तुमच्या वाडीवस्तीवरही असं एखादं घर असेल. म्हणून हा बाजार नेमका कसा चालतो आणि त्यातून आपण कसं वाचायचं, ते नीट समजून घेऊ.

मागणी अचानक का वाढली?

पहिलं कारण भीती. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाने बिबट्या वस्तीपर्यंत आला. रात्रीची लाईट, शेतात पाणी द्यायला जाणारा माणूस, अंगणात खेळणारी पोरं. घरात एक दांडगं कुत्रं असावं असं वाटणं साहजिक आहे. दुसरं कारण चोरी. विहिरीवरची मोटार, केबल, ठिबकच्या नळ्या, काहीही सुरक्षित राहिलेलं नाही. तिसरं कारण मोबाईल. रीलमध्ये साखळीला लावलेला रॉटवायलर बघितला की गावातल्या पोरांनाही तसाच पाहिजे असतो.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात त्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला होता. म्हणजे महागडं पिल्लू रात्री अंगणात साखळीला बांधून ठेवलं, तर आपण राखणदार ठेवत नाही, बिबट्याला आमंत्रण देतो. बिबट्याच्या भागात कुत्रं रात्री पक्क्या, वरून बंद असलेल्या खुराड्यात किंवा घरातच पाहिजे.

धंदा परवडतो तो कसा?

हिशोब सोपा आहे. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते. एका वेताला सहा पिल्लं आणि पिल्लामागे आठ हजार धरले, तर अठ्ठेचाळीस हजार होतात. आता खर्च कुठे वाचतो ते बघा. पिल्लं आठ आठवडे आईजवळ ठेवली तर त्यांचं खाणं, जंताचं औषध, लस, सगळं विकणाऱ्याच्या डोक्यावर. चौथ्या-पाचव्या आठवड्यातच काढली तर हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात. शिवाय महिन्याचं पिल्लू फोटोत जास्त गोंडस दिसतं.

त्यातून नुकसान दोन्हीकडे होतं. आईच्या दुधातून मिळालेली ताकद याच वयात ओसरत जाते आणि लसीची अजून तयार झालेली नसते. त्याच आठवड्यात पिल्लू खोक्यात, गाडीत, स्टँडवर, नव्या घरात फिरतं. पार्वो आणि डिस्टेंपरला याच्याहून चांगली संधी नाही. आणि जे पिल्लू आई-भावंडांपासून लवकर तुटतं, त्याला चावायचं किती आणि कुठे थांबायचं हेच कळत नाही. मोठं झाल्यावर तेच घरातल्या पोरावर धावून जातं. मग मालक म्हणतो, जातच वाईट.

आईचे हाल तर कोणी बघतच नाही. प्रत्येक माजाला भरवायची, अंधाऱ्या खोलीत ठेवायची, आणि वेत कमी झाली की गाडीत घालून दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडायची. आपल्या फाट्यावर अधूनमधून एखादी लोंबत्या आचळांची लॅब्राडोर फिरताना दिसते ना, ती तिथे आपोआप आलेली नसते.

कायदा काय म्हणतो?

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

• विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. नोंदणी दोन वर्षांची असते, तो कागद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.
• आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.
• कुत्री अठरा महिन्यांची झाल्याशिवाय भरवायची नाही, आठ वर्षांनंतर नाही. वर्षाला एकच वेत, आणि सगळ्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत.
• पिल्लाला लस आणि कातडीखाली ओळखीची चिप असली पाहिजे. घेणाऱ्याला पावती आणि आरोग्याची नोंद मिळाली पाहिजे.

आता खरी अडचण. हे नियम ज्या मूळ कायद्याखाली आहेत तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे. त्यात जनावराला क्रूर वागवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास! अठ्ठेचाळीस हजार कमावणाऱ्याला पन्नास रुपयांची भीती कशी वाटणार? कुत्र्याला मुद्दाम सोडून देणं हाही याच कायद्यात गुन्हा आहे, पण रात्रीच्या अंधारात कोण कुणाला बघतं?

भटक्या कुत्र्यांचा वाद आणि हा बाजार

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितले. मग 22 ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच परत सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. तेव्हापासून चावडीवर आणि टीव्हीवर एकच चर्चा, भटक्या कुत्र्यांचं करायचं काय? पण विकायला म्हणून बेहिशोबी पैदास करणारे आणि हौस फिटली की सोडून देणारे, यांच्यावर कोणी बोलत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

दुसरी बाजूही बघू. मार्च 2024 मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींच्या विक्री-पैदाशीला परवाने देऊ नका असं राज्यांना कळवलं होतं. संबंधितांशी चर्चा न करता ते काढलं म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये रद्द केलं. जातीवर बंदी घालून प्रश्न सुटेल का, यावर दुमत असू शकतं. पण आठ आठवड्यांचा नियम गावोगाव नुसता पाळला, तरी निम्मा घोळ मिटेल असं आमचं स्पष्ट मत आहे.

फसवणारा कसा ओळखायचा?

एक, तो आई दाखवत नाही. "आई दुसऱ्या फार्मवर आहे", "माझ्या मित्राकडे आहे", "व्याल्यापासून चावते" ही ठरलेली उत्तरं. जिथे आई दिसत नाही तिथून पिल्लू उचलायचं नाही, हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ झालं.

दोन, तो घरी बोलवत नाही. स्टँडवर या, टोलनाक्यावर या, पेट्रोल पंपावर भेटू. चांगल्या माणसाला गोठा दाखवायची लाज नसते.

तीन, त्याच्याकडे चार-पाच जातींची पिल्लं कधीही तयार असतात. जो खरोखर जपून पैदास करतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा पिल्लू नसतंच, थांबावं लागतं.

चार, शब्दांची फेकाफेक. "डबल बोन", "ट्रिपल कोट", "शो क्वालिटी". डबल बोन असं कुत्र्यात काही नसतं, हाडं सगळ्यांना सारखीच. आणि "पेपरवालं" पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू नव्हे. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही.

पाच, पैशांची घाई. "आजच टोकन टाका, तीन गिऱ्हाईकं लायनीत आहेत." काही ठिकाणी तर पिल्लूच नसतं. "फौजेत आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय" असं सांगून आधी टोकन, मग गाडीभाडं, मग पिंजऱ्याचं डिपॉझिट असं करत पैसे उकळतात.

आणि सहावं, तो तुम्हाला काहीच विचारत नाही. जागा किती, घरात लहान पोरं आहेत का, दिवसा कुत्र्याजवळ कोण असतं, हे न विचारता पिल्लू देणारा माणूस नुसता माल खपवतोय.

घ्यायचंच असेल तर

दिवसा जा. जमलं तर जनावरांच्या डॉक्टरांना किंवा कुत्री सांभाळलेल्या जाणत्या माणसाला बरोबर न्या. आई आणि सगळी भावंडं एकत्र बघा. डोळे-नाक कोरडं, शेपटीखाली स्वच्छ, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं नको, हाक मारली की पिल्लू पुढे यायला पाहिजे. कोपऱ्यात दबून बसलेल्या पिल्लाची दया येते, पण दयेपोटी घेतलं की त्या विकणाऱ्याच्या पुढच्या वेताला आपणच पैसे पुरवतो.

लसीचं कार्ड हातात घेऊन वाचा. त्यावर लसीच्या बाटलीचं लेबल, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांना, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत डोस, आणि तीन महिन्यांना रेबीजची. "सगळ्या लसी झाल्यात" असं दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल कोणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय. घरात आधी पार्वो झाला असेल तर ती जागा ब्लीचिंगने धुवा आणि वर्षभर तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका.

पिल्लाचा दात लागला, ओरखडा उठला तरी "लहान तर आहे" म्हणून सोडू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. रेबीज झाल्यावर इलाज नाही. हळद, चुना, मिरची यातलं काहीही लावायचं नाही.

फसलात तर गप्प बसू नका

पैसे ऑनलाईन गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, जितका लवकर तितकं पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आजारी पिल्लू गळ्यात मारलं असेल तर चॅट, पैसे पाठवल्याची नोंद, डॉक्टरांचा कागद जपून ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही. जिथे कुत्र्यांचे हाल होतायत तिथली माहिती पोलीस ठाण्यात आणि पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात द्या.

आणि शेवटचं. राखणीलाच कुत्रं पाहिजे असेल तर नऊ हजार घालवायची गरज आहे का? आपल्या गावातलं गावठी पिल्लू आपल्या उन्हाला, आपल्या भाकरीला सरावलेलं असतं. सोलापूर-लातूरपासून मुधोळपर्यंतचं कारवानी कुत्रं तर आपल्याच मातीतलं, 2005 मध्ये मुधोळ हाउंड म्हणून टपाल तिकिटावर आलेलं. मात्र तेही हौसेने सशामागे सोडलं तर वन्यजीव कायद्यात गुन्हा होतो, हे विसरू नका. गावठी पिल्लू आठ आठवड्यांनी आईजवळून आणा, लस द्या, वेळेवर नसबंदी करा. खर्च थोडा, आणि दहा-बारा वर्षांची सोबत.

आपण गोठ्यातल्या जनावराची पारख पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. ती पारख मोबाईल हातात आला म्हणून बाजूला ठेवायची कशाला? पुढच्या वेळी ग्रुपवर गोंडस पिल्लाचा फोटो आला की एवढंच विचारा, "आई कुठंय?" उत्तर काय येतं त्यावरून माणूस कळेल.

ही माहिती आपल्या गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा. एखाद्या घरातल्या लेकराचं रडणं वाचेल.