पानिपतची संक्रांत

आमच्या घरी संक्रांतीला गूळपोळी होत नाही. त्या दिवशी साधा वरण-भात. शेजारून तिळगूळ आला तर देवापुढे ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोंडात घालायचा. लहानपणी कारण विचारलं की आजी आवाज खाली आणून सांगायची, "आपला माणूस त्या दिवशी पानिपतात पडला." एवढं ऐकलं की गुळाची आठवणसुद्धा काढायला लाज वाटायची.

आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माहेराहून काळी चंद्रकळा आली आणि पत्र्याच्या डब्यात हलव्याचे दागिने. तिच्या आईनं महिनाभर शेगडीपुढे बसून हलवा फुलवला होता. डबा माळ्यावर गेला. शिमग्याच्या आधी आईनं तो उघडला तेव्हा मुंग्यांनी दोरे तेवढे ठेवले होते. आई हे एकदाच बोलली, तेही मी तिशीत असताना.

पानिपतची कथा सांगणारी घरं महाराष्ट्रात थोडी नाहीत. पराभवाची बातमी देणाऱ्या सावकारी पत्रातल्या त्या प्रसिद्ध निरोपात मोती मोजलेत, मोहरा मोजल्यात, खुर्दा किती गेला त्याला मात्र गणती नाही. आमचा मूळपुरुष त्या खुर्द्यातला, असं आम्ही धरून चाललो होतो. आजोबा शाळामास्तर. त्यांनी १९३५च्या सुमारास निळ्या शाईनं एका वहीत वंशावळ लिहून ठेवली. पहिल्याच पानावर मूळपुरुष, आणि त्याच्या नावापुढे: '१४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा दिवस, पानिपत येथे धारातीर्थी'.

पन्नास वर्षं आम्ही ती ओळ वाचली आणि तिच्यातली गफलत कुणाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

वडील गेल्यावर मी त्र्यंबकेश्वरला गेलो. विधी झाल्यावर क्षेत्रोपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि आतून नामावळीची लांबट वही आणली. यात्रेला आलेला माणूस आपलं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव लिहून देतो. त्याचा नातू पन्नास वर्षांनी आला की त्याच पानाखाली लिहितो. आमच्या गावची पानं मागे मागे जात मोडीत शिरली. मला मोडी येत नाही. गेल्या शतकाच्या मध्याला ती शाळांतून गेली आणि घरोघरची कागदपत्रं घरच्यांनाच परकी झाली. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधानं मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मान आला आहे. अशाच एका जाणत्या गृहस्थांना मी पानाचा फोटो दाखवला.

त्यांनी सावकाश वाचलं: शके १६९४, नंदननाम संवत्सरे, कार्तिक वद्य. मूळपुरुषाचं नाव, बापाचं, आजाचं, दोन मुलांची. मातोश्रींच्या अस्थी घेऊन आला होता. म्हणजे १७७२चा नोव्हेंबर. त्याच पंधरवड्यात तिकडे थेऊरला थोरले माधवराव पेशवे वारले. पानिपताला पुरी अकरा वर्षं उलटली होती आणि आमचा धारातीर्थी पडलेला पूर्वज वाईहून चालत येऊन त्र्यंबकेश्वरी बोरूनं सही करत होता.

आजाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच नावाची दोन माणसं एकात मिसळतात. ती शंका मलाही आली. पण बाप, आजा आणि दोन्ही मुलं जुळत होती. आजोबांच्या वहीतच हिशेब फसलेला होता: मूळपुरुष आणि आजोबांचे वडील यांच्यामध्ये एकच नाव. सव्वाशे-दीडशे वर्षं दोन पिढ्यांत कशी बसणार?

ते अक्षर मी खूप वेळ बघत बसलो. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं मांडतात. त्याची रेघ उजवीकडे उतरत गेली होती. गावाचं नाव लिहिताना शाई संपली, बोरू पुन्हा बुडवला, तिथे ठिपका पडला. हातात तलवार घेतलेला जो पूर्वज आम्ही इतकी वर्षं मनात उभा केला होता त्याला चेहरा नव्हता. आईच्या अस्थी घेऊन पंधरा-वीस दिवस चाललेला हा माणूस मला त्या ठिपक्यात पहिल्यांदा भेटला.

पुढचं सोपं होतं. १८५२च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं आणि घरोघरच्या वतनदारांना जमीन कशी मिळाली त्याची कैफियत द्यावी लागली. आमच्या घराच्या कैफियतीत देवळाच्या नंदादीपासाठी मिळालेल्या तुकड्याची हकीकत आहे. पानिपतचा उल्लेख नाही. लढाईत पडलेल्याच्या लेकरांना पेशवे सरकारातून बालपरवेशी मिळे. जमीन जायची वेळ आली असताना असा हक्क कोणतं घर सांगायचं विसरेल?

मग संक्रांत कुठून आली? लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला. त्या काळचं घर तिथी धरणार, श्राद्ध तिथीला घालणार. १४ जानेवारी त्याला ठाऊक असायचं कारणच नाही. आणि संक्रांत इंग्रजी तारखेत साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद संक्रांतीला जन्मले, ती तारीख १२ जानेवारी १८६३. पानिपतच्या वर्षी संक्रांत चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. १४ जानेवारी आणि संक्रांत यांची गाठ विसाव्या शतकातल्या माणसालाच पडू शकते. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तर नक्कीच.

आजोबांनी हे रचलं, हे कळलं तेव्हा मी चिडलो. डोळ्यांपुढे तो पत्र्याचा डबा होता.

पण गूळपोळी बंद होती हे तर खरं होतं, आणि ती वहीच्या आधीपासून बंद होती. त्याचं उत्तर तालुक्याच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदवहीत निघालं. ती मी पणजोबांच्या नावासाठी चाळत होतो. सन १९००, १३ जानेवारी. त्या साली संक्रांत १३ला होती. दुष्काळ चालू होता, जिल्ह्यात प्लेग होता. मृत्यूच्या रकान्यात पणजोबांचं नाव, पुढे 'यांचा मुलगा', वय अडीच वर्षं, कारण ताप.

आजोबांचा जन्म १९०२चा. हा त्यांचा थोरला भाऊ, त्यांनी कधी न पाहिलेला.

सणाच्या दिवशी घरात मृत्यू झाला की तो सण वर्ज्य होतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पणजीनं त्या दिवसापासून गूळ चढवला नसणार. मला असं वाटतं की धाकट्यानं कधीतरी विचारलं असेल, आपल्याकडे गूळपोळी का नाही, आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नसेल. मोठेपणी त्याला इतिहासाच्या पुस्तकात ती तारीख सापडली. आईच्या गप्प बसण्याला त्यानं मोठ्यात मोठं कारण मिळवून दिलं. आता मला त्यांच्यावर रागावता येत नाही.

तरीही त्या कथेनं एक वाट बंद केली, हे मी विसरू शकत नाही. वर्ज्य झालेला सण सुटतो. त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली की तो मोकळा. माझी आत्या शहाऐंशीची आहे. ती सांगते, ती परकरी असताना संक्रांतीच्या पहाटे कपिला व्याली. आजीनं आनंदानं गुळाची ढेप बाहेर काढली, तीळ निवडायला घेतले. आजोबा दारातूनच म्हणाले, पानिपतचा सण वासरानं सुटत नाही. आजीनं ढेप उचलून परत फडताळात ठेवली. अडीच वर्षांच्या पोराचा शोक त्या वासरानं हलका केला असता. पराक्रमाला तशी सोय नव्हती. म्हणून आणखी पन्नास-साठ वर्षं या घरातल्या बायका काळी चंद्रकळा घडी करून ठेवत राहिल्या.

यंदा डिसेंबरात आत्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मूळपुरुषाचं ऐकून ती म्हणाली, "बरं झालं बाई, जगला." मग नोंदवहीतल्या नोंदीचा कागद तिच्या हातात दिला. चष्मा लावून तिनं तो बराच वेळ धरला. तिचा काका होता तो.

"नाव काय रे त्याचं?"

मी रकाना दाखवला. तिथे 'मुलगा' एवढंच लिहिलेलं आहे.