घरची मोटार : आधी जीर्णोद्धार, मग सुधारणा

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांतून एक प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. घरात वडिलांनी हौसेने घेतलेली जर्मन मोटार आहे. इंजिन अद्यापि उत्तम चालते. परंतु खड्ड्यांतून जाताना ती खडखडते, वळणावर डुलते आणि ब्रेक पूर्वीसारखा लागत नाही. तरुण मंडळींचा आग्रह असा की, तिला आखूड व कडक स्प्रिंगा आणि मोठे ब्रेक बसवावेत. वडील मंडळींचे म्हणणे असे की, या खर्चात पडण्यापेक्षा ती विकून मोकळे व्हावे. हा वाद प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे मिटवावयाचा आहे. तथापि तो कोणत्या विचाराने मिटवावा, एवढे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

उदाहरणादाखल आम्ही मर्सिडीझ-बेन्झची डब्ल्यू १२४ या सांकेतिक नावाची मोटार घेतो. ही मोटार १९८४ च्या अखेरीस जर्मनीत बाहेर पडली. पुढे १९९४ साली टेल्कोच्या भागीने या कंपनीची भारतातील शाखा स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्यास टेल्कोच्या आवारात याच जातीच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. आपल्याकडील कित्येक घरांत ती आजही जपलेली आढळते, ती यामुळेच.

प्रथम सस्पेन्शनचा विचार करू. चाक आणि मोटारीचे अंग यांना जोडणारी सर्व व्यवस्था ती सस्पेन्शन. तीत स्प्रिंगचे काम भार तोलण्याचे, आणि शॉक ॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगचा हेलकावा आवरण्याचे. धक्का शॉक ॲब्सॉर्बरच खातो असा सामान्य समज आहे. वस्तुतः धक्का खाते ती स्प्रिंग, आणि खाल्ल्यावर तिने नाचू नये हे पाहतो तो शॉक ॲब्सॉर्बर. या मोटारीच्या मागील प्रत्येक चाकास पाच निरनिराळे दांडे धरून ठेवतात. ही योजना त्याच कंपनीने १९८२ साली आपल्या १९० या लहान मोटारीत प्रथम आणली. चाक वरखाली होताना आपली दिशा सोडू नये, हा तिचा हेतू. परंतु या दांड्यांची टोके रबरी बुशांत व सांध्यांत बसविलेली असतात, आणि येथेच खरी मेख आहे. रबर केवळ मैलांनी झिजत नाही. ते वर्षांनीही मरते. उष्णतेने व काळाने ते कडक होते, चिरते, आणि दांडा आपल्या जागी डळमळू लागतो. म्हणून "आमची मोटार फारशी चाललीच नाही" हे समाधान येथे उपयोगाचे नाही. तीस वर्षांचे रबर हे तीस वर्षांचेच असते.

अशा डळमळत्या सांध्यांवर आखूड, कडक स्प्रिंग बसविणे म्हणजे पाया खचलेल्या वाड्यावर नवा मजला चढविणे होय. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने एका कारखान्याच्या सल्ल्यावरून नेमके हेच केले. मोटार दोन बोटे खाली बसली, दिसू लागली मोठी रुबाबदार. पण मागील चाके वरच्या अंगाने आत कलली आणि सहा महिन्यांत दोन्ही टायरांची आतली कड झिजून तारा उघड्या पडल्या. बाहेरून पाहणाऱ्यास टायर नवेच वाटत होते. त्या टायरांवर घरातील मुलांना घेऊन ती मंडळी दर आठवड्यास घाट उतरत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या हौसेची खरी किंमत कळते.

कामाचा योग्य क्रम असा. आधी चारही चाकांचे बुश, बॉल जॉइंट आणि आधाराची रबरे तपासून जीर्ण झालेली बदलावीत. शॉक ॲब्सॉर्बर तेल गाळीत असतील, किंवा टायरवर लाटांसारखे खोलगट डाग पडले असतील, तर ते जोडीने बदलावेत; एकच बदलल्यास मोटार दोन बाजूंनी दोन तऱ्हेने वागते. स्प्रिंगच्या टोकाशी रबराची चकती असते. ती निरनिराळ्या जाडीची मिळते, आणि तिच्या योगे मोटारीची उंची थोडीबहुत सारखी करता येते. एक गोष्ट मात्र कारीगरास आवर्जून सांगावी : नव्या बुशांचे बोल्ट मोटार जॅकवर लोंबत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकांवर पूर्ण भार आल्यावरच ते आवळावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि अल्पावधीत फाटते. सर्व काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. इतके झाल्यावर पुष्कळ मालकांना सुधारणेची गरजच उरली नाही असे आढळून येईल. तरीही हौस असल्यास मूळ उंचीच्याच स्प्रिंगा ठेवून किंचित कडक, वायुभारित शॉक ॲब्सॉर्बर घालावेत. बिल्स्टाइन ही जर्मन कंपनी असे शॉक ॲब्सॉर्बर १९५७ पासून मर्सिडीझला पुरवीत आली आहे. आमच्या मते ही सुधारणा मोटारीच्या मूळ स्वभावास धरून आहे.

आता ब्रेकचा विचार. ब्रेक मोटार थांबवितो म्हणजे तिच्या गतीची उष्णता करतो. माणसे व सामान धरून १७०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटरवरून थांबली, तर सुमारे दोन लिटर गार पाण्यास आधण येईल इतकी उष्णता निघते. हीच मोटार बोरघाट उतरते तेव्हा ती ५०० मीटरांहून अधिक खाली येते. त्यातील ५०० मीटरांचाच भार एकट्या ब्रेकवर टाकला, तर तसे बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी, म्हणजे सव्वीस लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता त्या चार लोखंडी तबकड्यांनी सोसावयाची. म्हणूनच जुने लोक घाट उतरताना खालचा गिअर टाकीत. तो शहाणपणा नव्या ब्रेकनेही कालबाह्य होत नाही.

या उष्णतेचा सर्वांत मोठा शत्रू ब्रेक ऑईलमध्ये दडलेला असतो. नेहमीचे ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ जातीचे तेल कोरडे असता किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल कसलाही विरोध न करता तळाशी जाते. कोकणातील आणि मुंबईतील दमट हवेत हे तेल दर दोन वर्षांनी बदलणे ही चैन नव्हे. त्याचबरोबर जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात. त्या बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आतून फुगून बंद होत जातात. मग ब्रेक सोडल्यावरही चाक मोकळे होत नाही, आणि मोटार एका बाजूस ओढते.

मग मोठ्या ब्रेकचा उपयोग काय? येथे तरुण मंडळींनी एक भेद नीट समजून घ्यावा. मोटार किती लवकर थांबेल हे शेवटी टायरची पकड ठरविते. आजचा ब्रेक चाक जागच्या जागी रोखू शकत असेल, तर त्याहून मोठा ब्रेक पहिल्या थांब्यास हातभरही कमी करणार नाही. मोठ्या तबकडीचा लाभ वारंवार थांबताना होतो, कारण ती अधिक उष्णता पचविते. याच घराण्यातील ५०० ई या अतिवेगवान मोटारीस कंपनीने मोठे ब्रेक दिले, ते तिच्या वेगास शोभणारे होते. परंतु त्यांबरोबर १६ इंची चाकेही दिली. साध्या मोटारीवर तसे ब्रेक चढविताना चाक आत अडते की काय, मुख्य सिलिंडर तेवढे तेल ढकलू शकतो की नाही, आणि पुढील व मागील ब्रेकांचे प्रमाण बिघडते की काय, हे सारे पाहावे लागते. मागील चाके आधी अडकली तर मोटार गरकन फिरते. केवळ पुढील ब्रेक फार वाढविले तर मागील ब्रेक निम्मे निरुद्योगी राहतात. मूळ मापाच्या चांगल्या प्रतीच्या तबकड्या, उत्तम पॅड, नव्या नळ्या आणि ताजे तेल एवढ्याने घरगुती वापराची गरज पूर्णपणे भागते.

कायद्याचाही विचार मनात असावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीत दाखल झालेल्या तपशिलापासून मोटार भिन्न होईल असा फेरफार मालकास सामान्यतः करता येत नाही. शिवाय खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करूनच पुढे चालू होते.

घरच्या अंगणात हे काम करू पाहणाऱ्यांस दोन सूचना. दाबलेल्या स्प्रिंगेत माणूस जायबंदी करण्याइतके बळ असते. खास अवजाराशिवाय तिला हात लावू नये, ते काम कारखान्यातच व्हावे. आणि जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ब्रेकची भुकटी फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि मुलांना दूर ठेवावे.

सारांश, पैसा थोडा असेल तर तो या क्रमाने खर्चावा : टायर, ब्रेकचे तेल व नळ्या, तबकड्या व पॅड, बुश व सांधे, शॉक ॲब्सॉर्बर. एवढ्याने हात आखडला तर तेथेच थांबावे. मोटार निर्धास्त होईल. पण एवढाही खर्च झेपत नसेल, तर वडील मंडळींचे विकण्याचे मत आम्हांस अधिक ग्राह्य वाटते. स्मृती जपण्यासाठी मोटार नुसती उभी ठेवणे परवडेल. परंतु आज तीच मोटार घरची सून मुलांना शाळेत सोडण्यास आणि आजोबांना इस्पितळात नेण्यास नेते. त्या पेडलावर तिचा पाय पडेल तेव्हा मोटार थांबलीच पाहिजे, याची जबाबदारी घरातील कर्त्या मंडळींची आहे.

टायर कसे पारखावेत, याचा विचार पुढील अंकी करू.