फिरायला जरूर जा, ग्लास मात्र नको

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून रविवारी आम्ही दोघं वायनरीत जातोय, गंगापूर धरणाकडे. तिथंच जेवणार. यांच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत, पण वाइनचा एखादा ग्लास चालेल ना? ती काय दारू नाही."

मी पंचवीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. दारूनं लिव्हर गेलेली माणसं रोज पाहिली. पण "वाइन म्हणजे दारू नाही" हे वाक्य आता आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या घरांतही ऐकू येऊ लागलंय, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जोडप्यानं फिरायला जाण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आपल्या आजोबांना गावच्या हॉटेलात बाहेर बसवून वेगळ्या कपात चहा दिला जायचा. आज त्यांची नात टेबलाशी बसून मेनू कार्ड वाचून ऑर्डर देते, हा साधा पल्ला नाही. आपल्या आयांनी सगळ्यांना वाढून मागं उरलेलं खाल्लं. नवरा-बायकोनं समोरासमोर बसून निवांत जेवावं, बोलावं, हे संसाराच्या तब्येतीला चांगलंच आहे.

प्रश्न फक्त ग्लासाचा आहे. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीच्या एका ग्लासातलं अल्कोहोल व्हिस्कीच्या ३० मिलीच्या दीड पेगाएवढं भरतं. "आम्ही फक्त चव घेतली" म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा. ३० मिलीचे पाच नमुने चाखले की पूर्ण ग्लास पोटात गेला. त्यानंतर मोटरसायकलवरून घरी यायचं असतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. सडपातळ माणूस उपाशीपोटी एका ग्लासानंही ती ओलांडू शकतो.

"रेड वाइन हृदयाला चांगली" असंही सांगतात. जुन्या काही अभ्यासांत थोडी पिणाऱ्यांची तुलना न पिणाऱ्यांशी केली होती. पण न पिणाऱ्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते, त्यामुळे पिणारे जास्त निरोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. अल्कोहोलमुळे कॅन्सर होतो, आणि बायकांमध्ये थोड्या पिण्यानंही स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गरोदरपणात तर थेंबही नको.

जावयांचा धोका याहून जवळचा होता. टीबीच्या गोळ्यांचा भार लिव्हरवर पडतो. त्यात अल्कोहोल गेलं तर कावीळ होण्याचा धोका वाढतो. मग गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि उपचार खंडित झाला की टीबी पुन्हा डोकं वर काढतो. गोळ्या चालू असताना उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखरही दारूनं एकदम खाली येऊ शकते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. नाक्यावरचा मजूर देशी पितो तेव्हा तो बेवडा, आणि आपला इंजिनियर मुलगा वाइन पितो तेव्हा ती लाइफस्टाइल! दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आपल्या वस्त्यांतल्या बायका आडव्या बाटलीसाठी मतदान करतात. त्यांना आपण कोणत्या तोंडानं सांगणार की आमची बाटली वेगळी? विहारात आपण पाचवं शील घेतो, त्यात वाइनला सूट नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या घरांत दारूनं काय केलं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तेव्हा जा, बाग बघा, फोटो काढा, पोटभर जेवा. बसल्याबसल्या "आम्ही घेत नाही" असं मोकळेपणानं सांगा आणि लिंबू सोडा मागवा. वेटरला त्यात काही नवल वाटत नाही. लाज आपल्याच मनात असते.

भाची आणि जावई त्या रविवारी गेले. संध्याकाळी फोटो आला, दोघांच्या हातात लिंबू सोडा, मागं द्राक्षाचे वेल. खाली भाचीनं लिहिलं होतं, "मावशी, रात्रीच्या गोळ्याही वेळेवर घेतल्या." गोळ्यांचे अजून चार महिने बाकी आहेत. कोर्स संपला की पुन्हा जायचं त्यांनी ठरवलंय, आणि या वेळी मलाही नेणार आहेत.