खुंटा आणि खाच

त, थ, द, ध, न ही दंत्य व्यंजने वर्गात शिकवायची, तर शिक्षकाच्या तोंडात वरचे पुढचे दात असावेत, एवढीच माफक अपेक्षा असते. माझा त्यांतला एक गेला, तेव्हा डॉक्टरांनी हाडात टायटॅनियमचे मूळ बसवून त्यावर नवा दात चढविला. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडांवरील प्रयोगांत दिसले होते. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी अशी मुळे पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसविली.

दोन वर्षांनी माझा दात डुगडुगू लागला. "अहो, पैसे पाण्यात गेले म्हणायचे!" असा निकाल घरात तत्काळ लागला. डॉक्टर मात्र म्हणाले, "सर, हाड शाबूत आहे. नुसता स्क्रू सैल झालाय."

त्याचे असे आहे. मूळ वेगळे, त्यावरचा खांब वेगळा, आणि दोघांना बांधणारा हा स्क्रू. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडण्याच्या ओढीने दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. म्हणून तो अंदाजाने पिळीत नाहीत; बहुधा ३० ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर एवढा जोर मोजणाऱ्या पान्याने आवळतात. ब्रोनेमार्कांच्या मुळाच्या माथ्यावर षट्कोनी उंचवटा असे, जेमतेम ०.७ मिलिमीटर उंचीचा. कडक भाकरीचा तुकडा आडवा तोडला, की बराचसा भार बिचाऱ्या स्क्रूवर!

पुढे निमुळता जोड आला. जात्याचा खुंटा आठवा. तो निमुळता तासून ठोकला, की घर्षणच त्याला धरून ठेवते. इथेही खांब मुळाच्या पोटातील निमुळत्या खाचेत रुतून बसतो आणि स्क्रूचा भार हलका होतो.

फटीचेही तेच. बीडचे कंकालेश्वराचे देऊळ तळ्यात उभे आहे. तिथल्या दगडांच्या सांध्यांत पाणी शिरले, तरी देवाची तक्रार नाही. तोंडातल्या जंतूंना मात्र मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी फटही पुरते. चावताना जोड हलला, की ती उघडमीट होते, जंतू आत ठाण मांडतात, हिरडी सुजते आणि भोवतीचे हाड झिजू लागते. निमुळत्या जोडात हे कमी होते; अगदी थांबते, असे कोणी शपथेवर सांगू नये.

डुगडुगणारा दात तसाच वापरला, तर स्क्रू आत मोडतो आणि तो काढणे जिकिरीचे होते. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. फडावरून तपासणीला कोण येणार? अशा माणसाला कोणता जोड बसवावा, याचा विचार आधीच व्हायला हवा.

आणि मुळाच्या कंपनीचे नाव, प्रकार व माप लिहून घ्यावे. एकाचा खांब दुसऱ्याच्या मुळावर चढविला, तर तो वरवर बसतो, पण फट राहू शकते. आमच्याकडे तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे.