सोपं, पण कोणासाठी?

रात्री दोन वाजता वजनकाट्यावर उसाची ट्रॉली मोजली आणि पावतीवर वेळ छापून आली आदल्या रात्रीची साडेआठ. ट्रॅक्टरवाल्याने पावती मोबाईलच्या उजेडात धरली, दोनदा वाचली आणि काट्यावरच्या पोराला विचारलं, "साडेआठला माझा ऊस फडात होता. मग हे वजन कुणाचं?"

साखरपट्ट्यात वाढलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. 'काटामारी' हा शब्द इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. त्या रात्री वजन बरोबर होतं, फक्त वेळ चुकली होती. पण वेळ खोटी असेल तर वजन खरं कशावरून? मागच्या गाड्या थांबल्या. तोडलेला ऊस जितका वेळ उभा, तितका तो वाळतो आणि वजनाला घटतो. म्हणजे वाद कॉम्प्युटरचा आणि भुर्दंड शेतकऱ्याचा.

पोराने मला फोन लावला. "सर, घड्याळ येडं झालंय. मी दुरुस्त करतो, पण मशीन बंद करून चालू केली की परत तसंच."

मी शिरूरचा. या पट्ट्यातल्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. सकाळी रांजणगाव एमआयडीसी, दुपारी न्हावरे-चौफुला रस्त्याने भीमा ओलांडून कुरकुंभ, आणि हंगामात अधूनमधून साखर कारखाना. तो कारखाना कोणता ते सांगत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. दोष 'सोपं करून देतो' या शब्दांचा आहे, आणि माझं भांडण त्यांच्याशीच आहे.

आधी ते साडेपाच तास कुठून आले ते पाहू. जागतिक प्रमाणवेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे आहोत. लिनक्स सहसा असं धरून चालतं की मशीनमधलं घड्याळ जागतिक वेळ दाखवतंय. विंडोज धरून चालतं की ते स्थानिक वेळ दाखवतंय. दोघं वेगवेगळ्या डब्यांत असताना कुणाचं कुणाशी अडत नव्हतं.

मग कारखान्याने जुने चार डबे काढून एक मोठा सर्व्हर घेतला आणि त्या चौघांना त्याच्या पोटात ठेवलं. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. वाडा एक, बिऱ्हाडं चार. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, अख्खा वाडा आपलाच. इथं वाडा लिनक्सचा होता आणि काट्याचं बिऱ्हाड विंडोजचं. असं बिऱ्हाड थाटताना एक रकाना भरावा लागतो: आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम? काम घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसाने तिथं लिनक्स तसंच राहू दिलं. वाड्याने जागतिक वेळ दिली आणि विंडोजने ती स्थानिक समजून पावतीवर छापली.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. कारण सापडायला मात्र पहाट झाली. काय कुठे बसवलंय याचा कागद नव्हता, आणि जो पोरगा रात्रभर सर्व्हरपाशी बसतो त्याच्याकडे पासवर्ड नव्हता. त्याला एकच सूचना होती: हात लावायचा नाही.

पुढच्या आठवड्यात ठेकेदार आला. म्हणाला, "मिक्स सिस्टिम आहेत ना साहेब, म्हणून हा ताप. एकतर सगळं एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर आणा, नाहीतर वरून एक मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घ्या. एका स्क्रीनवर सगळं दिसेल. एकदम सोपं."

मला हे दोन्ही उपाय मान्य नाहीत.

पहिला घ्या. कारखान्यात दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टिम असतात त्या कुणाच्या हौसेपोटी नाही. काट्याचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजसाठी लिहिलेलं असतं आणि लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो. हिशेब लिनक्सवर असतो, कारण तो नंतर आला. विंडोज सर्व्हर २००८ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी ते अजून कुठे कुठे चालू दिसतं. या सगळ्याला रोग म्हणणं म्हणजे इतिहासच विसरणं. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं, तेव्हाही एकाच यंत्रावर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी चालवता येणं हा त्याचा मोठा उपयोग होता. सरमिसळ पेलण्यासाठीच हे तंत्र आहे. ते विकत घ्यायचं आणि वर सरमिसळीलाच दोष द्यायचा, हे कसं? एक मात्र खरं, म्हाताऱ्या विंडोजला नव्या वाड्यात आणल्याने ती तरुण होत नाही. तिला इंटरनेटपासून तोडूनच ठेवावं लागतं.

दुसरा उपाय जास्त महाग पडतो. वरून बसवलेल्या प्रत्येक थरासोबत एक नवा पासवर्ड, एक नवं लायसन्स आणि दूरच्या शहरातला एक नवा फोन नंबर येतो. आणि त्या थराचा मालक बदलला तर? व्हीएमवेअर हे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव, आणि माल खरंच चांगला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली. डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं, पुढे फक्त वर्गणी. २०२४ च्या सुरुवातीला त्यांची फुकट मिळणारी ईएसएक्सआय आवृत्ती बंद झाली, २०२५ मध्ये ती परत आली. काढताना आणि देताना कुरकुंभच्या सर्व्हर रूमला कुणी विचारलं नाही. विचारणारही नव्हते.

दौंडकरांना हे वेगळं सांगायला नको. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंड जंक्शनला सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे. मग कॉर्ड लाईन झाली आणि बऱ्याच गाड्या बाहेरूनच वळायला लागल्या. गाडीचा वेळ वाचला, रेल्वेचं काम सोपं झालं. पण त्या गाड्यांसाठी दौंडकराला आता गावाबाहेरचं कॉर्ड लाईन स्टेशन गाठावं लागतं. कॉर्ड लाईन चुकीची होती असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की 'सोपं' या शब्दापुढे नेहमी विचारावं: कोणासाठी?

माझ्या हिशेबात सोपं म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला झेपेल ते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

एक, खालचा पाया एकच ठेवा. वर राहणारे वेगवेगळे असू द्या. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. गूगल क्लाउडही त्यावरच उभा आहे. प्रॉक्समॉक्ससारखी तयार मांडणी ब्राउझरमधून चालवता येते.

दोन, शेपट्या तोडा. काट्याची सीरियल वायर एका विशिष्ट डब्याला अडकलेली असते, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल दुसऱ्या डब्याला. सर्व्हर बंद पडला की व्हर्च्युअल मशीन शेजारच्या सर्व्हरवर चालू होते, पण वायर आणि डोंगल मागेच राहतात. सीरियल वायर नेटवर्कवर आणणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो आधी लावा. विंडोजची मशीन केव्हीएमवर हलवण्याआधी तिच्यात व्हर्टआयओ ड्रायव्हर टाका, नाहीतर तिला स्वतःची डिस्कच दिसत नाही आणि निळा पडदा येतो.

तीन, वही. कोणती मशीन कुठे, आत काय, घड्याळ कुठल्या वेळेवर, आधी कोण चालू करायचं, बॅकअप कुठे. मराठीत, पेनाने, सर्व्हरशेजारी. आणि हंगामाआधी बॅकअप एकदा खरोखर उतरवून पाहायचा.

"फुकटचं घेतलं तर जबाबदार कोण?" हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो खोटा नाही. केव्हीएम वापरल्याने विंडोज फुकट होत नाही. सर्व्हरचे सगळे कोअर धरून घेतलेलं स्टँडर्ड आवृत्तीचं लायसन्स दोनच व्हर्च्युअल मशीनना पुरतं. शिकायला वेळ लागतो. प्रॉक्समॉक्सचा सपोर्टही पैसे देऊनच मिळतो. शेकडो सर्व्हर असलेल्या डेटा सेंटरला मोठी मॅनेजमेंट सिस्टिम लागतेच. माझं म्हणणं दोन-तीन सर्व्हरच्या खोलीबद्दल आहे. तिथं वर्षाच्या वर्गणीतला थोडा भाग त्या रात्रपाळीच्या पोराच्या शिकण्यावर घातला, तर जबाबदार माणूस तिथंच तयार होतो.

कारण खरा तोटा तोच आहे. तो पोरगा बीसीए झालेला. तुमच्यातले कितीतरी जण शिरूर, दौंड, बारामतीहून तसेच शिकून अशाच खोल्यांत नोकरीला लागाल. 'हात लावायचा नाही' हे तुम्हालाही सांगतील. तेव्हा वही मागा. नसेल तर स्वतः लिहायला घ्या.

या वेळी हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही सर्व्हर मुद्दाम बंद केला. मी खुर्ची लांब ओढून बसलो. पोराने वही उघडली आणि एकेक मशीन चालू केली. एकदा अडला, मागचं पान पाहिलं, पुढे गेला. मग काट्यावर रिकामी ट्रॉली चढवून त्याने पावती काढली, तिच्यावरची वेळ मोबाईलशी ताडून पाहिली आणि वहीत तारीख घालून सही केली.